ओटा गेला, परसदार गेले; आता रस्ता तरी राखा!

सिन्नरमध्ये आज जो गृहस्थ घर बांधावयास काढतो, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी एक प्रश्न येऊन उभा राहतो. आयुष्याची पुंजी ओतून घेतलेला दीड-दोन हजार चौरस फुटांचा भूखंड आहे. त्यावर आणखी एक खोली काढावी, की तेवढी जागा अंगणास आणि झाडास सोडावी? प्रश्न घरगुती आहे, नवराबायकोने जेवणानंतर बसून सोडवावा, वर्तमानपत्राने त्यात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. परंतु एका घराने दिलेले उत्तर त्या घरापुरते असते. गल्लीतील पन्नास घरांनी दिलेले तेच उत्तर गावाचे होऊन बसते. आणि आमच्या नव्या वसाहतींनी ते जवळजवळ एकमुखाने दिले आहे, हे हमरस्ता सोडून अर्धा किलोमीटर आत चालणाऱ्या कोणासही दिसेल. कुंपणाच्या भिंतीपर्यंत फरशी, सामासिक अंतरात पत्र्याची शेड, गॅलरीला काचा, जिन्याखाली कोठी, आणि मोटार मात्र रस्त्यावर! हे उत्तर चुकले आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते आज पहिल्या पानावर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ज्या घरात एका खोलीत सहा माणसे निजतात, त्या घरास बागेचा उपदेश करणे हा शुद्ध निर्दयपणा होय. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी वर्षानुवर्षे लढून २००६ साली कुंभारीस दहा हजार घरांची वसाहत मिळविली, तेव्हा त्यांनी आधी छप्पर मागितले, आणि ते अगदी योग्य केले. आमचे बोलणे त्यांच्याशी नाही. ज्यांना निवड करता येते त्यांच्याशी, म्हणजे तुमच्याआमच्याशीच आहे. माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांतील अभियंते, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, बँकांतील नोकरदार, नाशिकला रोज ये-जा करणारी मंडळी. यांच्यापैकी कित्येकांच्या घरातील तिसरी खोली वर्षातून दहा दिवस पाहुण्यांकरिता उघडते आणि उरलेले दिवस गाद्या, बंद पडलेला टीव्ही व गणपतीच्या मखराचे सामान सांभाळीत बसते. त्या खोलीचे कर्ज मात्र वीस वर्षे फेडावयाचे असते.

जुन्या सिन्नरास ही गोष्ट कोणी पुस्तकातून शिकविली नव्हती. सिन्नर हे विडीचे गाव. मांडीवर सूप घेऊन, भिजविलेली पाने कातरीत बायका विड्या वळीत, त्या बहुधा दाराशी, ओट्यावर, ओसरीवर. कारण घरातील सर्वांत अधिक उजेड आणि वारा तेथेच असे. ओटा हा त्यांचा कारखाना होता, लेकरांचे पाळणाघर होते आणि शेजाऱ्यांच्या भांडणाचे न्यायालयही होते. घरामागे परसदार: मोरीचे पाणी केळीला आणि अळूला, एक शेवगा, एक कढीलिंब, कोपऱ्यात चुलीचे सरपण. घर आतून लहान असे, अंधारे असे, गैरसोयीचेही असे. त्याचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. परंतु ते घर दाराशी संपत नसे. पुरुषांस पार असतो, चहाची टपरी असते, एस. टी. स्थानकासमोरचा कट्टा असतो. स्त्रियांस मात्र घराबाहेरची, तरीही आपली म्हणता येईल अशी एवढीच जागा होती. ती आपण हॉलला जोडून घेतली! भिंत बाहेर सरकली, सोफा आला, आणि संध्याकाळी दारात बसणारी आजी खिडकीच्या जाळीआड गेली. खोलीच्या हिशेबात हा तोटा कोठेही लिहिला जात नाही.

ज्यांना याहून जुना दाखला हवा असेल त्यांनी गोंदेश्वराच्या आवारात जाऊन उभे राहावे. देवगिरीस जाण्यापूर्वी यादवांची राजधानी या परिसरात होती, असे इतिहासकार मानतात. त्या काळचे हे शिवपंचायतन. मधे शिव, चार कोपऱ्यांस विष्णू, गणेश, पार्वती आणि सूर्य यांची लहान देवळे, समोर नंदी. दगड, कारागीर, धन कशाचीही वाण नव्हती. मनात आणते तर त्यांनी सबंध जोत्यावर मंडप चढविला असता. त्यांनी तसे केले नाही. आवाराच्या भिंतीपर्यंत मोकळी जागा सोडली, आणि त्या मोकळ्या जागेमुळेच शिखर शिखरासारखे दिसते. आता गंमत पाहा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्याने संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर बांधकामास बंदी आहे आणि पुढील दोनशे मीटर परवानगीवाचून वीट लावता येत नाही. या बंदीची अडचण तेथील रहिवाशांस होते, ती खोटी नव्हे. पण मोकळी जागा राखावयास आम्हांस दिल्लीचा कायदा लागावा, ही गोष्ट यादवांच्या गावास शोभते काय?

आमच्यावर येणारा सर्वांत सबळ आक्षेप पाण्याचा आहे. सिन्नर हा अवर्षणाचा तालुका. पूर्व भागात उन्हाळ्यात टँकर धावतात, शहरास कडव्याच्या योजनेचे पाणी दुरून आणावे लागते. येथे कसल्या बागा लावता? आक्षेप हिरवळीवर असेल तर आम्हांस तो पूर्णपणे मान्य आहे. पाण्याने रोज न्हाऊ घालावी लागणारी हिरवळ ही सिन्नरात चैन आहे, आणि नगरपरिषदेने तिच्यावर पैसा खर्च करू नये. पण कडुनिंब, चिंच, करंज, वड ही झाडे याच मातीची आहेत. पहिली दोन-तीन वर्षे जगविली की ती पुढे कोणाचे देणे ठेवीत नाहीत. उलट फरशीचेच पाण्याशी वैर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ढगफुटीसारखा पाऊस होऊन सरस्वती नदीचे पाणी शहरात शिरले, घरे-दुकाने उद्ध्वस्त झाली, ते दृश्य सिन्नरकर विसरलेले नाहीत. तेवढा पाऊस चार अंगणांनी अडविला असता असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. परंतु ज्या गावात उन्हाळ्यात हंडे रांगेत असतात त्या गावाने पावसाचा प्रत्येक थेंब काँक्रीटवरून गटारात व गटारातून नदीत लोटावा, हे कोणते शहाणपण?

आता सरकारी नियमांकडे वळू. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभर आलेल्या एकत्रिकृत नियमावलीने ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा खुली ठेवणे बंधनकारक केले आहे. तीच नियमावली रस्त्याची रुंदी पाहून अधिकचे चटईक्षेत्र देते. म्हणजे रस्ता रुंद झाला की इमारत फुगणार! रस्ता ही लोकांनी चालावयाची, भेटावयाची, सावलीत थांबावयाची जागा आहे, हा विचार त्या कोष्टकात नाही. विकास आराखड्यातील उद्यानांच्या आरक्षणांचीही तीच गत. १९६६ च्या नगररचना कायद्याचे १२७ वे कलम असे की, दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी आणि ठराविक मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण आपोआप रद्द व्हावे. मालकास जन्मभर टांगणीस ठेवू नये, हा त्यातील न्याय खरा. पण स्वस्थ बसणाऱ्या नगरपरिषदेच्या राज्यात बागेचा बळी जातो तो याच वाटेने.

मुंबईने हा धडा प्लेगपासून घेतला. १८९६ च्या साथीनंतर १८९८ साली तेथे सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले, आणि त्याने दादर-माटुंग्यास रुंद रस्ते, झाडांच्या रांगा व उद्याने आधी आखून मग घरे बसविली. तेथील जुन्या घरांतील खोल्या काही राजवाड्याच्या नाहीत. तरीही माणसे तेथे राहावयास धडपडतात, ती फाइव्ह गार्डन्सच्या सावलीसाठी. दोन खोल्यांचे घर आणि दाराशी चांगला रस्ता हे चार खोल्या आणि दाराशी उकिरडा यापेक्षा महाग विकले जाते, हे बिल्डरांस आम्ही सांगावयास नको.

खाजगी अंगण कोणाच्या गळी उतरविता येत नाही, हे आम्ही जाणतो. ज्याचे त्याने ठरवावे. परंतु दहा टक्क्यांची खुली जागा ही कोणाच्या मालकीची खोली नव्हे. तिच्यावर कोठे वाळूचे ढीग, कोठे कायम उभ्या गाड्या, कोठे एखाद्या मंडळाची पत्र्याची शेड, अशी स्थिती होऊ दिली तर घरात मुलास स्वतंत्र खोली मिळेल, पण चेंडू खेळावयास तो हमरस्त्यावर जाईल. म्हणून नगरपरिषदेस आमची मागणी अगदी साधी आहे. शहरातील सर्व मंजूर अभिन्यासांतील खुल्या जागांची, त्यांच्या क्षेत्रफळासह व सध्याच्या वापरासह, यादी पावसाळ्यापूर्वी सूचनाफलकावर लावावी. उद्यानांच्या आरक्षणांपैकी कोणत्या जागेची मुदत केव्हा संपते, तेही त्यात लिहावे. यादी लागली की ती आम्ही याच पानावर जशीच्या तशी छापू. आणि न लागल्यास दर सोमवारी ती कोठे अडली आहे, हे विचारीत राहू.