आडवे, उभे आणि एक्सेल

शब्दकोड्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात बिनबोभाट छापून येते. तेव्हा ज्याला नुसत्या उत्तराचीच घाई असेल, त्याने एक दिवस दम धरावा. मध्ये संगणक कशाला घालायचा? पण हे साधे व्यवहारज्ञान शिरूरच्या आमच्या भाच्याला पटत नाही.

मतभेदाचे मूळ रेल्वेत आहे. दौंडला ती आहे, शिरूरला नाही. आम्ही दौंडकर पाटस, केडगाव, यवत करीत पुण्याला जातो. हातात पेपर असतो, वेळ असतो आणि मांडीला मांडी लावून शेजारी असतात. कोडे सोडवायला आणखी काय लागते हो? भाचा मात्र घोडनदीच्या काठी खोलीचे दार लावून एक्सेल उघडतो. त्यात त्याने खंडीभर मराठी शब्द भरलेत. "मामा, १०,४८,५७६ ओळी मावतात!" म्हणतो. मावतात रे बाबा; पण मावणे वेगळे आणि आठवणे वेगळे.

शिवाय या एक्सेलला मराठी अक्षरे मोजता येत नाहीत. शब्दाची लांबी मोजायला त्यात 'लेन' नावाचे सूत्र आहे. त्याला 'दौंड' घातले, उत्तर आले ४. 'शिरूर'चे ५. 'ज्ञानेश्वर'चे तर चक्क १०! काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, एवढेच काय, अक्षराचा मोडलेला पायसुद्धा ते सुटा मोजते. आर्थर विन यांनी १९१३ साली 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले शब्दकोडे छापले, ते इंग्रजीच्या सुट्या अक्षरांचे. आपण ते उचलले, पण आपल्या कोड्यात अक्षर सगळ्या गोतावळ्यासकट एकाच घरात राहते. दौंड दोन घरांत मावते, ज्ञानेश्वर चारांत.

भाचा हुशार. त्याने प्रत्येक अक्षर वेगळ्या रकान्यात टाइप केले आणि फिल्टर लावला. परवा सूचना होती: 'मोटेचा जाड दोर', दोन अक्षरी, शेवटी 'डा'. एक्सेलने क्षणात यादी दिली: वाडा, गाडा, पाडा, कडा, धडा, घडा, राडा, नाडा. मग चिरंजीवांचा मला फोन, "मामा, यातला कुठला?"

म्हणजे शेवटी माणूस लागलाच ना! मी गाडीत होतो. मोठ्याने सूचना वाचली. केडगावला चढलेले एक आजोबा वाक्य संपायच्या आत म्हणाले, "नाडा!" आणि उरुळी येईपर्यंत धावेवरून बैल मागे कसे सरायचे, चामड्याची मोट पाणी कशी ओतायची, हे सगळे त्यांनी हातवारे करून दाखवले. अर्धा डबा ऐकत होता. त्यांना असे काही कुणी किती वर्षांत विचारले नसेल, कोण जाणे!

हे एक्सेलच्या कुठल्या रकान्यात बसवायचे? उसाची बिले, पगारपत्रके, सोसायटीचा जमाखर्च त्याने खुशाल सांभाळावा. तिथे त्याला तोड नाही. पण कोडे हे माणसाला माणसाशी बोलायला दिलेले निमित्त आहे. म्हाताऱ्यांजवळचे शब्द बाहेर काढायची ती एक युक्ती आहे. फिल्टर लावून ती मोडीत काढू नये.

भाच्याला माझे एवढेच सांगणे आहे: एकदा दौंडला ये, लॅपटॉप शिरूरलाच ठेव. पेन्सिल मी देतो. खोडरबरही देतो.