कुलूप दिसले म्हणून किल्ली मिळत नाही

सैन्याचे सॉफ्टवेअर खुले ठेवणे म्हणजे शत्रूच्या हाती घराची किल्ली देणे, असे गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचे म्हणणे. काळजी रास्त आहे, निष्कर्ष पटत नाही. कुलपाची रचना सर्वांना कळली तरी किल्ली मालकाकडेच राहते.

संरक्षण मंत्रालयाने ऑगस्ट 2023 मध्ये विंडोजऐवजी 'माया' ही प्रणाली आणायला घेतली. तिचा पाया उबुंटू, म्हणजे खुले लिनक्स. डीआरडीओ, एनआयसी आणि पुण्याच्या सी-डॅकचा तिच्यात हात आहे. परदेशी कंपनीच्या बंद प्रणालीत ती दाखवेल तेवढेच दिसते. इथे आपला अभियंता ओळ न् ओळ तपासू शकतो.

तपासू शकतो, पण तपासतोच असे नाही. पत्रलेखकाची भीती खरी ठरते ती इथे.

मार्च 2024 मध्ये 'एक्सझेड' या खुल्या सॉफ्टवेअरमधला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडला, तोही लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून! एका माणसाच्या चिकाटीवर देशाचे रक्षण कसे सोपवायचे? अमेरिकेच्या डार्पा संस्थेच्या स्पर्धेत ऑगस्ट 2025 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींनी खुल्या सॉफ्टवेअरमधले दोष स्वतः शोधले, दुरुस्त्याही केल्या. अशी राखण 'माया'ला हवी.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे भंडारा-गोंदियाला संरक्षण उत्पादन परके नाही. दारूगोळ्याइतकीच कडक तपासणी कोडचीही व्हावी. यंत्राने लिहिलेल्या कोडची तर दोनदा, आणि शेवटची सही माणसाची.

– एक वाचक, गोरेगाव (जि. गोंदिया)