पातळ लाकूड कापायचे यंत्र: आधी काम ठरवा

गेल्या काही वर्षांत सातारा, कराड, सांगली, मिरज भागातील आपल्या तरुण कारागीर बांधवांना लेसर यंत्राचे वेड लागले आहे. ३ मिलिमीटरच्या प्लायवूडमधून आयतुल कुर्सी, घरावरच्या नावपाट्या, लग्नाची सजावट कापून विकायची, असा हा धंदा. धंदा वाईट नाही. पण यंत्र आधी येते आणि काम कोणते, याचा विचार मागाहून होतो.

आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनिअर नव्हे. परंतु साताऱ्यात आमच्या शेजारच्या गाळ्यात एका होतकरू मुलाने असे यंत्र हप्त्याने आणले आणि महिनाभरात आमच्या थानांना जळक्या एमडीएफचा वास येऊ लागला. धूर बाहेर काढणारा पंखाच त्याने बसवला नव्हता. भांडण्यापेक्षा त्याच्याजवळ बसून आम्ही हा विषय समजून घेतला. आज यंत्र बंद आहे, हप्ता मात्र व्याजासकट चालू आहे.

त्याने घेतले होते ते डायोड लेसर. निळ्या उजेडाचे, उघड्या चौकटीचे, सर्वांत स्वस्त. नक्षी कोरायला ते चांगले. पातळ प्लायही कापते, पण बहुधा दोन-तीन फेऱ्यांत, आणि मध्ये गाठ किंवा गोंदाचा जाड थर आला की अडते. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक तर कापतच नाही, उजेड आरपार निघून जातो. या उजेडाने डोळा कायमचा जाऊ शकतो. मुले येतात-जातात अशा खोलीत ते चालवणे म्हणजे निव्वळ बेफिकिरी.

रोज माल काढायचा असेल तर ४० ते ६० वॅटचे सीओटू लेसर लागते. त्याच्या काचेच्या नळीला सतत थंड पाणी हवे, पंप बंद पडला तर नळी तडकते. सांगलीच्या उन्हाळ्यात बादलीतले पाणी पुरत नाही. चिलरचा आणि पुढे नळी बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा. सनबोर्ड आणि रेक्झिन कोणत्याही लेसरखाली घालू नये. त्यातून निघणारा तेजाबी वायू छातीत जातो आणि यंत्रालाही गंज चढवतो.

मिरजेचे काम निराळे. तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावणे सोडून एकोणिसाव्या शतकात सितार करायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सितार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या कामात लेसर नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. लाकडाची कड काळी पडते, आणि पांढऱ्या नक्षीसाठी वापरतात ते सेल्युलॉइड म्हणजे जवळजवळ बारूदच, लेसरखाली भडकते. यंत्र हवेच असेल तर सीएनसी राउटर पाहावा. मात्र ३०१८ नावाच्या छोट्या राउटरची जागा ३० बाय १८ सेंटीमीटर, त्यावर सितारीची तबलीही मावत नाही. शिवाय फिरता बिट आतला कोपरा गोलच ठेवतो, तो हातानेच काढावा लागतो.

उर्दू शाळेत शिकल्यामुळे आम्हांला एक गोष्ट फार खटकते. बे, ते, नून यांचे नुक्ते सुटे कापले जातात आणि जाळीतून खाली पडतात. नुक्ता हरवलेली आयतेची चौकट आम्ही विक्रीला लावलेली पाहिली आहे. नुक्ता गेला की लफ्ज बदलतो. मागे पाटी चिकटवून नुक्ते जागेवर बसवावेत आणि हाफिजसाहेबांना दाखवूनच माल दुकानात मांडावा.

यंत्र घेण्याची घाई नको. आधी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मजुरीने कापून घ्या. मजुरीचे बिल वाढत गेले, तर दोघा-तिघांनी भागीदारीत रोखीने यंत्र घ्यावे. आणि विकणाऱ्याकडे जाताना आपल्याच वखारीतला प्लायचा तुकडा बरोबर न्यावा. तो दाखवतो ते लाकूड नेहमी मऊ आणि बिनगाठीचे असते.