दवंडी आमची, आवाज कुणाचा?

आकाशवाणीवरील शेतीविषयक कार्यक्रमांचे गुणगान आपल्या परदेशस्थ मंडळींत मोठ्या प्रेमाने केले जाते. गाव सुटून कित्येक वर्षे लोटली, तरी सायंकाळच्या त्या कार्यक्रमाच्या आठवणीने माणसे हळवी होतात. या हळवेपणाबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच की, 'शेतकरी बंधूंनो' या संबोधनात आपण कधी होतो काय?

पाऊस जात पाहून पडत नाही, मग हवामानाच्या वार्तेत कसली आली जात, असा युक्तिवाद आपल्यातीलच सुशिक्षित करतात. पाऊस सर्वांवर पडतो हे खरे. नुकसानभरपाई मात्र सातबाऱ्यावर पडते! पीक बुडाले की मालकाच्या शेताचा पंचनामा होतो. मजुराची बुडालेली रोजी कोणत्या पंचनाम्यात लिहितात? पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसूनही ज्याचे नाव कागदावर चढलेले नाही, त्याला एकरी किती खत द्यावे हे सांगून काय उपयोग? त्याला हवी असते ती किमान वेतनाची, गायरानाच्या हक्काची माहिती. आणि खुरपणी, लावणी, बियाण्याची जपणूक करणारी आमची माता-भगिनी तर 'बंधू' या शब्दातच बसत नाही.

1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील 150 गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, चर्चा करावी, आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी ती योजना होती. कल्पना उत्तमच, कारण ऐकणाऱ्याला तीत बोलण्याची मुभा होती. परंतु चर्चा भरायची ती गावात. आणि भारतीय गाव म्हणजे संकुचितपणाचे व जातीयतेचे आगर आहे, हे बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत परखडपणे बजावले होते. गावाच्या बैठकीत पाटलादेखत महारवाडा तोंड उघडील, असे मानणाऱ्यास गाव कळलेलेच नाही.

खरे तर गावाचे पहिले प्रसारण आमच्याच पूर्वजांच्या गळ्यातून झाले. दवंडी त्यांनी द्यावी, मयताचा सांगावा उन्हातान्हात परगावी त्यांनी न्यावा. शब्द दुसऱ्याचा आणि घसा मात्र आमचा! त्या वतनी गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. त्याआधी, 1920 साली, दुसऱ्यांच्या वृत्तपत्रातील कोपऱ्यासाठी याचना करीत न बसता त्यांनी स्वतःचे 'मूकनायक' काढले होते.

हेच काम रेडिओच्या बाबतीत तेलंगणातील दलित स्त्रियांनी करून दाखविले आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये दिला. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत हे मराठी न्यायमूर्ती होते. पुढे 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक केंद्राची दारे उघडली. 15 ऑक्टोबर 2008 रोजी जहिराबादजवळच्या माचनूर गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांचे 'संघम रेडिओ' सुरू झाले. जनरल नरसम्मा आणि अल्गोळे नरसम्मा या दोन दलित तरुणींनी ते चालविले. भाषा पुस्तकी तेलुगू नव्हे, तर त्या शिवारात बोलली जाणारी. ज्वारी-बाजरी, घरचे बियाणे, औषधी पाला यांविषयी बोलणाऱ्या बाया स्वतःच तज्ज्ञ! कुणी पदवीधर येऊन त्यांना शहाणे करीत नव्हता.

शासनाने अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई केली, ही या धोरणातील मोठीच खोट. अत्याचार झाला तर शेजारच्या वस्तीला तो कळू नये काय? या बंदीविरुद्ध आपल्या संघटनांनी आवाज उठवायला हवा होता.

पण शासनाला दोष देण्यापूर्वी स्वतःकडे पाहू. 2006 च्या धोरणाने संस्थेकडून किमान तीन वर्षांच्या नोंदणीची अपेक्षा केली. आपल्या चळवळीच्या त्याहून जुन्या नोंदणीकृत संस्था महाराष्ट्रात थोड्या आहेत काय? त्यांतील किती जणांनी अर्ज केले? आपण येथून पाठिंबा देतो तो पुतळ्यांना, सभागृहांना, कोनशिलांना. शंभर वॅटचा प्रक्षेपक आणि दोन शिकलेल्या मुली यांचा विचार आपल्या बैठकांत होत नाही. परकीय देणग्यांचे कायदे कडक आहेत, हे मी जाणतो. पण अभियंत्यांचा सल्ला, मुलींचे प्रशिक्षण आणि अर्जाची कायदेशीर बाजू यांत आपण पुष्कळ करू शकतो. येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय पुतळा-निधीच्या आधी घ्यावा, अशी माझी लेखी सूचना आहे.