पुस्तिका कुणाच्या मालकीची?

दिल्लीच्या पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय उभे आहे. अशा शाळेने आपल्या संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर बसविले, तर कोणत्याही कंपनीला परवान्याचा एक पैसाही द्यावा लागत नाही. परंतु ते चालवावे कसे, हे सांगणारी पुस्तिका शिक्षकाच्या हाती कोणत्या भाषेत पडते आणि ती कोणत्या आवृत्तीची असते? या सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी येथेच लागते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, ही त्यामागची भूमिका होती. २००० साली या चळवळीने पुस्तिकांसाठीही स्वतंत्र मुक्त परवाना तयार केला. पुस्तिका कुलूपबंद राहिली, तर खुल्या आज्ञावलीचे स्वातंत्र्य अर्धेच राहते, हे तिने ओळखले होते.

'मायएसक्यूएल'चा अनुभव हेच सांगतो. तिची आज्ञावली मुक्त परवान्याखाली होती. हस्तपुस्तिका मात्र कंपनीच्याच मालकीची होती. २००९ साली तिच्या मूळ निर्मात्यांनी 'मारियाडीबी' ही वेगळी वाट धरली आणि २०१० साली मूळ कंपनी 'ऑरॅकल'च्या ताब्यात गेली. आज्ञावली सोबत नेता आली, हस्तपुस्तिका नेता आली नाही. नव्या प्रकल्पाला आपले लिखाण स्वतंत्रपणे उभारावे लागले. मक्तेदारीला कारखान्याचे दार उघडावे लागले, तरी यंत्र चालविण्याची विद्या ती आपल्या तिजोरीत ठेवू पाहते!

दुसरा प्रश्न श्रमाचा आहे. पुस्तिका एकदा लिहून भागत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर आज्ञा बदलतात, पडद्यावरची चित्रे बदलतात आणि कालचे अचूक पान आज वाचकाची दिशाभूल करते. हे पान दुरुस्त करणारे हात बहुधा विनामोबदला राबतात. त्याच सॉफ्टवेअरवर बड्या कंपन्या आपला व्यवसाय उभा करतात. आज्ञावली लिहिणाऱ्याचे नाव तरी होते. पुस्तिका राखणाऱ्याच्या वाट्याला तेही क्वचितच येते. स्वयंसेवेचा गौरव करून या श्रमाचे मूल्य बुडविणे म्हणजे शोषणाला पुण्याचा मुलामा देणे होय.

केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय कारभारात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरणाच्या कागदाने शिक्षकाची अडचण सुटत नाही. केरळने २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' योजना सुरू केली, पुढे शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणले, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मुलांच्या हाती मल्याळम पाठ्यपुस्तके दिली. सार्वजनिक शक्ती मागे उभी राहिली की काय घडते, याचा तो पुरावा आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची पुस्तिका मुक्त परवान्याखाली असावी. ती मराठीसह लोकांच्या भाषांत असावी. आणि ती अद्ययावत ठेवणाऱ्यांना श्रमाचा रास्त मोबदला मिळावा. ज्ञान सामुदायिक श्रमातून निर्माण होते. त्याची राखणही समाजाचीच जबाबदारी आहे.