वीट उन्हाळ्यात, सौदा पावसाळ्यात!

अर्थशास्त्र म्हटलं की आपल्यातल्या निम्म्यांना परीक्षेच्या आदल्या रात्रीची आठवण होते! पण शहापूर-मुरबाडकडे एसटीने जाताना ज्या वीटभट्ट्या दिसतात, तिथे या विषयातला एक जुना वाद चक्क उघड्यावर मांडलेला आहे.

वाद असा : विक्रेते मोजकेच असले तर ते लढतात कशावर, किती माल काढायचा यावर की भावावर? फ्रेंच गणिती कुर्नो १८३८ मध्ये म्हणाला, प्रत्येक जण माल किती काढायचा ते ठरवतो, भाव बाजारात ठरतो. मागणीची रेषा सरळ आणि खर्च सगळ्यांचा सारखा धरा. खुल्या स्पर्धेत जितका माल आला असता, त्याच्या निम्माच माल एकटा मक्तेदार आणतो. दोघे असतील तर दोन तृतीयांश, तिघे असतील तर तीन चतुर्थांश. म्हणजे भाव उतरतो, पण हळूहळू. १८८३ मध्ये बर्ट्रांडने यावर आक्षेप घेतला. विक्रेते भावच ठरवतात, एकाने रुपया कमी केला की दुसरा दोन करणार. दोघंच असले तरी भाव खर्चाला येऊन टेकणार!

मग बरोबर कोण? माझ्या मते एकच विचारावं, ऐन वेळी माल वाढवता येतो का?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा नेटवर्क उभं होतं, एक ग्राहक वाढला तर जादा खर्च जवळजवळ शून्य. डेटाचे भाव कोसळले. तिथे बर्ट्रांड जिंकला.

वीटभट्टीचं तसं नाही. वीट जड, लांब नेली तर नफा गाडीभाड्यातच जातो. म्हणून एका टापूत भट्टीवाले मोजकेच. थापणी पावसाळा सरल्यावर सुरू होते आणि पुढच्या पावसाआधी संपते. एप्रिलमध्ये मागणी वाढली म्हणून लाखभर विटा लगेच निघत नाहीत, कारण थापणारे हात किती, हे आधीच ठरलेलं असतं. क्रेप्स आणि शाइंकमन यांनी १९८३ मध्ये गणिताने हेच दाखवलं. आधी क्षमता ठरली आणि मग भावाची लढाई झाली, तर उत्तर कुर्नोचंच येऊ शकतं.

आता खरा मुद्दा. ही 'क्षमता' म्हणजे कोण? पुस्तकात ते एक अक्षर असतं, आपल्याकडे ती बहुतेक कातकरी कुटुंबं असतात. भर पावसात घरात दाणा नसतो, तेव्हा बयाणा घ्यायचा आणि तो मोसमभर विटा थापून फेडायचा. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ मध्येच झाला, पण भूक काही कायदा बघून येत नाही.

'भट्ट्या वाढल्या की मजुरी आपोआप वाढेल' असं म्हणणारे इथेच चुकतात. बयाणा घेतलेल्या माणसाला दुसरा मालक जास्त मजुरी कशी देऊ करणार? मजुरांसाठीची स्पर्धा पहिली वीट पडायच्या आधीच संपलेली असते.

म्हणून मला वाटतं, भट्टीवर छापे घालणं हवंच, पण उपाय जुलै-ऑगस्टमध्ये आहे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. त्या दोन महिन्यांत हाताला काम, वेळेवर मजुरी आणि घरात रेशन मिळालं, तर तोच माणूस दिवाळीनंतर चार भट्ट्यांवर दर विचारून मग काम धरेल.

आपण उद्याचे इंजिनिअर. एस्टिमेटमध्ये विटांचा दर लिहिताना, तो कुठल्या महिन्यात ठरला हेही आपल्याला माहीत असायला हवं.