डॉक्टरांचे शब्द व आपले घर

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याच्या मातोश्री तपासणीचा कागद हाती घेऊन शाळेत आल्या व आम्हांपुढे रडू लागल्या. कागदावर 'निगेटिव्ह' हा शब्द होता. निगेटिव्ह म्हणजे काहीतरी वाईट, एवढेच त्यांस ठाऊक. वस्तुतः मुलाच्या थुंकीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत, असा त्याचा अर्थ होता. आनंदाच्या वार्तेने त्या माउलीची रात्रभराची झोप उडविली!

ही चूक हसण्यासारखी नाही. चांगले शिकलेले लोकही डॉक्टरांपुढे मान डोलावतात व घरी आल्यावर शेजाऱ्यास अर्थ विचारतात. विचारण्याची ही लाज आपण सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण ती प्रसंगी जिवावर बेतते.

प्रथम रोग व लक्षण ह्यांतील भेद ध्यानी घ्यावा. ताप, खोकला, सूज ही लक्षणे होत, रोग नव्हेत. ताप हिवतापात येतो, विषमज्वरात येतो व क्षयातही येतो. ह्यांसच डॉक्टर अनुक्रमे मलेरिया, टायफॉईड व टी.बी. म्हणतात. लक्षण एक, परंतु कारणे तीन व औषधेही तीन. नुसत्या नावानेही बुद्धी कशी चकते पाहा. 'मलेरिया' ह्या शब्दाचा मूळ इटालियन अर्थ 'वाईट हवा'. लोक दलदलीच्या हवेस दोष देत राहिले. अखेर १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस ह्यांस डासाच्या पोटात त्या रोगाचे जंतू सापडले, तेव्हा खरा अपराधी उमगला.

लक्षण गेले म्हणजे रोग गेला, ही समजूत तर फारच घातक आहे. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस क्षय झाला होता. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगी मांस चढले, तेव्हा त्यांनी औषध सोडले. साध्या क्षयावरही बहुधा सहा महिने औषध घ्यावे लागते. मध्येच सोडल्यास उरलेले जंतू त्या औषधास दाद देईनासे होऊ शकतात. गृहस्थांचा रोग उलटला. 'कोर्स पूर्ण करा' असे त्यांस बजावले होते. परंतु कोर्स म्हणजे किती दिवस, हे कोणी सांगितले नाही व त्यांनीही विचारले नाही.

चिठ्ठीवरील अक्षरांचीही तीच गोष्ट. 'बी.डी.' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टी.डी.एस.' म्हणजे तीनदा व 'एस.ओ.एस.' म्हणजे गरज भासेल तेव्हाच. ही लॅटिन भाषेतील संक्षिप्त रूपे होत. विद्यार्थ्यांनो, ती शिका व घरी वडीलधाऱ्यांस समजावून द्या. मात्र शब्दाचा अर्थ सांगणे निराळे व औषध सांगणे निराळे. दुसरे काम डॉक्टरांचेच आहे.

पालकांस आमची एवढीच विनंती की, दवाखान्यातून निघण्यापूर्वी तीन प्रश्न आपल्या मराठीत अवश्य विचारावेत: रोग कोणता? औषध किती दिवस? कोणते चिन्ह दिसताच परत यावे? वर सांगितलेल्या मातोश्री आता ह्यांची उत्तरे मिळाल्यावाचून दवाखान्याची पायरी उतरत नाहीत. त्यांचा हा पाठ आपण सर्वांनी गिरवावा.